वायकिंग काळातली वैर ते प्रेम कादंबरी: माझी नायिका प्रेमात पडते ते मलाच पटेनासं झालंय

निळी_शाई :
मंडळी, मदत हवीये. गेली सात वर्षं मी एनिमीज टू लव्हर्स प्रकारच्या कादंबऱ्या वाचतेय आणि त्यातही वायकिंग काळातली मिळाली की झोप सोडून वाचते. लांब जहाज, धुक्यातला किनारा, त्याच्या माणसांनी हिचं गाव जाळलेलं आणि शेवटी ही दोघं एकमेकांसाठी जीव टाकणार हे माहीत असूनही पानोपानी धाकधूक होते. मला हा प्रकार मनापासून आवडतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात स्वतःच मराठीत लिहायला घेतलं, नऊ प्रकरणं झाली.

कथा थोडक्यात अशी. ८७३ चा हिवाळा, इंग्लंडमधलं मर्सिया राज्य. डेन लोकांच्या, म्हणजे डेन्मार्ककडच्या वायकिंगांच्या, मोठ्या सैन्याने रेप्टनला ट्रेंट नदीकाठी तळ टाकलाय, तिथलं चर्च तटबंदीत घेऊन भोवती खंदक खणलाय. हे खरं घडलेलं आहे. ८६५ मध्ये हे सैन्य ईस्ट अँग्लियाच्या किनाऱ्याला लागलं, पुढच्या वर्षी यॉर्क पडलं, मग एकेक राज्य कोसळत गेलं. माझी एडिथ जवळच्याच वाडीतली. तिसऱ्या प्रकरणात थॉरस्टेन नावाचा डेन तिला पकडून तळावर आणतो, नवव्यात ती त्याच्या प्रेमात पडते.

परवा ते नववं प्रकरण मोठ्याने वाचलं आणि घशात अडकलं. वाक्यं बरी आहेत, बर्फ पडतोय, चूल धगधगतेय, सगळं आहे. पण ती दुसरं करणार तरी काय होती? दाराशी पहारा, जेवण त्याच्या हातात, बाहेर दोन हजार अनोळखी पुरुष. तिचं हो म्हणणं आणि तिचं जीव वाचवणं यातला फरक मलाच दाखवता येईना. तो चांगला आहे, तिच्यावर हात टाकत नाही, आजारपणात काढा देतो, तरीपण. वैर खरं ठेवून प्रेमसुद्धा खरं कसं करायचं, कुणीतरी सांगा.

रानजाई :
आधी अभिनंदन, मराठीत हे कुणीतरी लिहितंय याचाच इतका आनंद झालाय.
मला वाटतं तुझी गोची अशी आहे की तुझ्या कथेत शत्रुत्व एकाच बाजूने आहे. त्याने तिचं सगळं घेतलं, तिने त्याचं काय घेतलं? काहीच नाही. मग ती शत्रू कुठे झाली, ती बळी झाली. मला ज्या कादंबऱ्या लक्षात राहिल्यात त्यात तिच्याही हातात त्याला संपवायचं काहीतरी असतं, आणि ती ते वापरत नाही तो क्षण मी पुन्हा पुन्हा वाचते. तिने सुरा उचलला आणि खाली ठेवला याला अर्थ कधी येतो, जेव्हा खरंच घाव घालायची ताकद तिच्यात होती हे आपल्याला माहीत असतं तेव्हा.

ओसरीवरून :
धागा आवडला पण मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका निळीताई.
वायकिंग म्हणजे गोरापान उंच दर्यावर्दी हे चित्र रंगवताना ते लोक माणसं विकायचे हे आपण विसरतो. ७९३ मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटला तेव्हापासून पुढची दोन-अडीचशे वर्षं किनाऱ्यावरची माणसं धरून न्यायची आणि बाजारात विकायची हा त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग होता. डब्लिन ८४१ मध्ये जहाजांचा तळ म्हणून वसलं आणि पुढे गुलामांचा मोठा बाजार झालं. आयर्लंडमध्ये गळ्यात घालायचे लोखंडी पट्टे मिळालेत. अशा जागी पकडून नेलेली मुलगी प्रेमात पडते हे लिहिणं मला तरी जड जाईल.

आणि आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वी देऊन झालंय. रुक्मिणीहरण आपण कौतुकाने ऐकतो कारण पत्र रुक्मिणीने पाठवलं होतं, रथात बसायचं तिचं ठरलेलं होतं. आणि अंबेला भीष्माने उचलून आणली तिने जन्म बदलला पण माफ केलं नाही. दोन्हीत हरणच आहे. फरक एवढाच की एकीला कुणीतरी विचारलं होतं आणि दुसरीला नाही. तुमची एडिथ सध्या अंबा आहे आणि तुम्ही तिच्याकडून रुक्मिणीचं काम करून घेताय.

निळी_शाई :
ओसरीदादा, राग कसला, तुमचं शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलंय. माझ्या मनात नेमकं हेच डाचत होतं फक्त शब्द सापडत नव्हते.
रानजाई, तुझंही पटलं. तिच्या हातात काय द्यायचं यावर विचार करतेय.

जुनी_वही :
उशिरा आले, पण गुलामगिरीचा विषय निघालाच आहे तर मेलकोर्काबद्दल सांगायलाच हवं.

लाक्सडेला सागा ही आइसलंडमधली तेराव्या शतकात लिहिली गेलेली गोष्ट, घटना मात्र त्याच्या तीनशे वर्षं आधीच्या. होस्कुल्ड नावाचा बडा आइसलंडर बेटावरच्या बाजारात जातो, तिथे एका व्यापाऱ्याच्या तंबूत पडद्यामागे बारा बायका विकायला बसवल्यात. बाकीच्यांची किंमत एकेक मार्क चांदी (मार्क हे तेव्हाचं वजन), आणि कडेला फाटक्या कपड्यांत बसलेलीची तीन मार्क. वर व्यापारी सांगतो की हिला वाचा नाही. तरी हा तिलाच घेतो, घरी आणतो, घरी लग्नाची बायको आहेच. तिला मुलगा होतो. ती एक अक्षर बोलत नाही. मुलगा दोन वर्षांचा होतो आणि एका सकाळी होस्कुल्डला ओढ्याकाठी बोलण्याचा आवाज येतो, जाऊन बघतो तर ही मुलाशी भरभरून बोलतेय. ती आयर्लंडच्या राजाची मुलगी मेलकोर्का होती, पंधराव्या वर्षी धरून नेलेली. म्हणजे इतकी वर्षं तिने गप्प राहून स्वतःला राखलं. तिच्याकडे बाकी काहीच उरलं नव्हतं, आवाज होता, तो तिने त्याला दिला नाही, लेकराला दिला.

पुढे मालकीण तिला पायमोज्यांनी मारते तेव्हा ही तिच्या नाकावर ठोसा मारते, रक्त येतं, शेवटी होस्कुल्ड हिला वेगळी वाडी करून देतो. आणि सागा कुठेही म्हणत नाही की तिचं त्याच्यावर प्रेम बसलं. सातआठशे वर्षांपूर्वीच्या लेखकालाही ते लिहावंसं वाटलं नाही. आइसलंडच्या आजच्या लोकांचे डीएनए तपासले तर वस्ती करणाऱ्या पहिल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त आयर्लंड आणि स्कॉटलंडकडच्या निघतात, म्हणजे अशा मेलकोर्का किती असतील. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

रानजाई :
जुनीवही, अंगावर काटा आला. तो ओढा डोळ्यांसमोरून जात नाहीये.

लीकाठची :
नेहमी वाचनमात्र असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना.
मी लंडनच्या ईशान्येला वॉल्थमस्टोला राहते, ली नदी घरापासून पायी पंधरा मिनिटं. साधी नदी, बगळे, पाणकावळे, रुळांवरून गाड्या जातात. पण एके काळी हा शत्रुत्वाचा बांध होता. निळीशाई, मला वाटतं तुझी गोष्ट रेप्टनमध्ये नाहीये, ती इथे आहे.

८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत वेसेक्स या इंग्रज राज्याच्या राजाने, आल्फ्रेडने, डेनांचा राजा गुथ्रुमला हरवलं, गुथ्रुमने बाप्तिस्मा घेतला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. त्यानंतर आणि ८९० मध्ये गुथ्रुम मरायच्या आधी दोघांत एक तह झाला तो आजही वाचता येतो, जेमतेम पाच कलमं आहेत. पहिल्यात हद्द: थेम्सने वर, मग लीने तिच्या उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्ड, मग ऊझ नदीने वॉटलिंग रस्त्यापर्यंत. दुसऱ्यात म्हटलंय की माणूस मारला गेला तर इंग्रज असो की डेन, मोल सारखंच, आठ अर्धे मार्क शुद्ध सोनं. विचार करा, काल एकमेकांची गावं जाळत होते आणि आज लिहून देतायत की तुझा मेला काय आणि माझा मेला काय, वजन एकच. त्यातही कुळाने कसणाऱ्यांचं मोल वेगळं, कमी, पण तेही दोन्हीकडे सारखं.

आणि शेवटचं कलम तुझ्यासाठीच आहे. परवानगीशिवाय कुणी, गुलाम असो वा मोकळा, पलीकडच्या सैन्यात जायचं नाही. गुरंढोरं किंवा मालाचा व्यापार करायचा असेल तर करा, पण शांततेची हमी म्हणून ओलीस द्या, आपली पाठ स्वच्छ आहे याचा पुरावा म्हणून. शब्दच तसा आहे, स्वच्छ पाठ, म्हणजे मागे काही कपट दडवलेलं नाही.

एडिथला पकडून आणू नकोस. तिला ओलीस म्हणून येऊ दे, आणि त्याच्याकडचं कुणीतरी तिच्या बापाकडे असू दे. मग तिच्या केसाला धक्का लागला तर तिकडे त्याचं माणूस मरतं. त्याची ताकद तेवढीच तिचीही. आणि प्रेम झालंच तर नदी ओलांडणं हाच गुन्हा, सगळा तह मोडेल, दोन्हीकडची माणसं मरतील. असं असेल तर ती हो म्हणते त्याला काहीतरी किंमत येईल.

निळी_शाई :
लीकाठची, मी ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय आणि डोळ्यांत पाणी आलंय. हे कलम मला माहीतच नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ तिच्या बापाकडे. आणि तिचा भाऊ एडिंग्टनला पडलेला. तह नंतर झाला, म्हणजे त्याचं मोल कुणीच देणार नाही. नऊच्या नऊ प्रकरणं बाजूला ठेवतेय, आज रात्रीपासून नव्याने.

ओसरीवरून :
हे झालं तर मी पहिला वाचक. ओलीस म्हणजे दोन्हीकडे सारखा धाक, त्यात माणूस माणसाला बघू शकतो.

हिमफूल :
स्टॉकहोमवरून लिहितेय. कथा सुटतेय हे बघून छान वाटलं, मी थोडा घरातला तपशील देते कारण मराठी वाचकाला तिथलं घर दिसलं पाहिजे.

शिंगांचे शिरस्त्राण कृपा करून नको. ते १८७६ मध्ये जर्मनीत वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेराच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसलं, वायकिंग असलं काही घालत नव्हते. घर म्हणजे लांबोळकं, मधोमध जमिनीवरच चूल, दोन्ही भिंतींना लागून मातीचे ओटे, त्यावरच बसायचं त्यावरच झोपायचं, धूर छपरातल्या भोकातून जाईल तेवढा जाईल. म्हणजे दोघांना एकांत असा नाहीच! सगळं बोलणं दहा माणसांच्या कानांवर. तुझ्या प्रेमाला हे फार उपयोगी आहे, त्यांना जे काही सांगायचं ते नजरेने आणि कामातून सांगावं लागेल. भिंतीशी टेकवलेला उभा माग, उभ्या धाग्यांना खाली दगडी वजनं बांधलेली, रात्री वाऱ्याने ती एकमेकांवर आपटतात. जहाजाची शिडंसुद्धा लोकरीची, बायकांनी महिनोनमहिने विणलेली. तो ज्या शिडावर समुद्र ओलांडून आला ते त्याच्या आईने विणलेलं असू शकतं. घराच्या किल्ल्या मालकिणीच्या कमरेला, म्हणजे कधीतरी कुणीतरी एडिथच्या हातात किल्ली ठेवेल तेव्हा वाचकाला कळू दे काय दिलं गेलं.

आणि फण्या! हरणाच्या शिंगाच्या फण्या जिथे खणाल तिथे सापडतात. तेराव्या शतकातला वॉलिंगफर्डचा जॉन नावाचा इंग्रज संन्यासी तक्रार करतो की हे डेन रोज केस विंचरायचे, दर शनिवारी आंघोळ करायचे, कपडे बदलायचे आणि त्यामुळे आमच्या बायका त्यांच्याकडे ओढल्या जायच्या. इथे स्वीडिशमध्ये शनिवारला अजून लोर्डाग म्हणतात, म्हणजे मुळात धुण्याचा वार.

अवांतर: इथल्या ऐतिहासिक संग्रहालयात हेल्यो बेटावर सापडलेली बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती आहे, आपल्या उपखंडाच्या वायव्येकडून इतक्या लांब आलेली. मी पाहुण्यांना घेऊन गेले की आधी तिथेच नेते.

शब्दवेल्हाळ :
भाषेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी.
एक, या दोघांना दुभाष्या लागणार नाही. जुनी नॉर्स, म्हणजे वायकिंगांची भाषा, आणि जुनी इंग्रजी मावशीच्या मुलींसारख्या, हळू बोललं तर बरंच कळायचं. शेजारी राहून इंग्रजीने नॉर्समधून रोजचे शब्द घेतले, अंडं, सुरी, कायदा यांचे. खिडकीचा इंग्रजी शब्द विंडो नॉर्सच्या वाऱ्याचा डोळा या अर्थाच्या शब्दावरून आला. आणि हजबंड हा शब्दसुद्धा त्यांचाच, मूळ अर्थ घरधनी. म्हणजे एडिथच्या नाती-पणतींनी नवऱ्याला हाक मारायचा शब्द शत्रूकडून घेतला. यापेक्षा मोठी वैर ते प्रेम गोष्ट मला माहीत नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. जुन्या इंग्रजीत एका माणसाला आदरार्थी बोलायची सोय नव्हती, आपल्याकडे आहे. वैऱ्याला आपण तू म्हणतो, अरेतुरेवर उतरलो असंच म्हणतो ना. ओळख झाली, मान वाटला की तुम्ही. आणि जीव जडला की पुन्हा तू. पहिला तू आणि शेवटचा तू एकच शब्द आहे, मधे तुम्हीचा पूल आहे. ज्या पानावर तो पूल येईल ते पान जपून लिहा. कुणी त्यावर बोट ठेवायचं नाही, ना निवेदकाने ना पात्रांनी, वाचकाच्या कानाला कळलं पाहिजे.
आणि डेन लोकांच्या तोंडी गावरान आणि सॅक्सनांच्या, म्हणजे एडिथकडच्या इंग्रजांच्या, तोंडी शुद्ध मराठी असलं नका करू, हात जोडून सांगतो.

रानजाई :
शब्दवेल्हाळ, शंभर वेळा अनुमोदन. मी पाचवीपासून मराठी वाचतेय आणि हे कधी असं लक्षात आलं नव्हतं.

जुनी_वही :
अजून दोन बायकांची नावं टाकते, निळीशाईच्या उपयोगाची.
एक एमा. नॉर्मंडीची, १००२ मध्ये इंग्लंडचा राजा एथेलरेडशी लग्न होऊन आली आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला त्या नवऱ्याने राज्यातले डेन लोक मारून टाकायचा हुकूम काढला. पुढे डेन आले, लढाया झाल्या, १०१६ मध्ये एथेलरेड मेला आणि १०१७ मध्ये एमाने त्याचं राज्य घेणाऱ्या डेन क्नूटशी लग्न केलं. राजकारण होतंच, तिची मुलं परदेशात होती, क्नूटची आधीची बायकोही होती. पण म्हातारपणी तिने स्वतःच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून घेतला त्यात पहिल्या नवऱ्याचं नावसुद्धा येऊ दिलं नाही. प्रेम होतं का सोय होती यावर वाद घाला, पण ज्या वेळी आपली कहाणी सांगायचं तिच्या हातात आलं त्या वेळी तिने कुणाला ठेवलं आणि कुणाला वगळलं ते दिसतंच.

दुसरी गुड्रुन, त्याच लाक्सडेला सागातली. चार नवरे झाले, पण ज्याच्याशी लग्न झालं नाही त्या क्यार्तनला तिने स्वतःच्या नवऱ्याला चिथावून मारवलं. म्हातारपणी मुलगा विचारतो, आई, तुझं सगळ्यात जास्त प्रेम कुणावर होतं? ती आधी टाळते, एकेका नवऱ्याचे गुण सांगते. मुलगा सोडत नाही तेव्हा म्हणते, ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव होता त्याच्याशीच मी सगळ्यात वाईट वागले. नाव घेतच नाही. प्रेमाचं वैर कसं होतं ते त्यात आहे, तुला उलट्या बाजूने चालायचंय पण रस्ता तोच.

निळी_शाई :
आठ दिवसांनी येतेय. रोज पहाटे साडेचारला उठून लिहिलं. हा नवा तुकडा, सांभाळून घ्या आणि जिथे खटकेल तिथे स्पष्ट सांगा.

एडिथ आत आली तशी धुराने डोळे चुरचुरले. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली.
"बस," तो म्हणाला.
"तू म्हणशील तिथे बसायला मला बाजारातून आणलेली नाही. तुझा भाऊ आत्ता माझ्या बापाच्या चुलीशी बसलाय. मी उपाशी झोपले तर तोही उपाशी झोपेल."
त्याने पुढ्यातली सातूची भाकर मोडली आणि अर्धी तिच्याकडे सरकवली. ती उभीच राहिली.
"एडिंग्टनला होतास तू?"
"होतो."
"लाल ढाल होती त्याची. कडेला पितळी पट्टी, एका जागी वाकलेली. मी लहान असताना माझ्याच हातून पडून वाकली होती."
मागाची वजनं वाऱ्याने किणकिणली. थॉरस्टेनच्या हातातली भाकर तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तो उठला, भिंतीवरची ढाल काढून तिच्या पायाशी ठेवली. पट्टी एका जागी वाकलेली होती.
"तहाआधी पडलेल्या माणसाचं मोल कुणी देत नाही," तो म्हणाला. सगळं घर ऐकत होतं. "पण तुमच्या भावाचं मी देईन. आठ अर्धे मार्क सोनं माझ्याकडे नाही. चार उन्हाळे लागतील."
एडिथ खाली बसली. ढाल मांडीवर घेतली. अर्धी भाकर अजून तिथेच होती.

शब्दवेल्हाळ :
तुमच्या. वाचला, पुढे गेलो, परत मागे आलो. काही बदलू नका.

ओसरीवरून :
तिने भाकर खाल्ली की नाही ते न सांगणं आवडलं. आणि आता तिला कुणीतरी विचारतंय.

हिमफूल :
सुंदर! एकच, ढाल लाकडाची असते आणि कडेला बहुतेक कातडं शिवलेलं असतं, धातूची पट्टी अख्ख्या कडेला नसते. मधल्या लोखंडी वाटीला पोचा आलाय असं केलंस तर जास्त पटेल, मूठ धरायची जागा तीच असते.

निळी_शाई :
हिमफूल, लगेच बदलते. मधल्या वाटीचा पोचा, आणि त्यात तिची करंगळी बरोबर बसते. थँक्यू गं.

लीकाठची :
सकाळी नदीवर जाऊन बसले होते तुझा तुकडा फोनवर घेऊन. एक विचारू? ८९५ मध्ये डेन जहाजं हीच नदी वर चढून लंडनपासून वीस मैलांवर किल्ला बांधून बसली होती, आणि सुगीच्या वेळी आल्फ्रेडने मुद्दाम जवळ तळ दिला, लोकांना धान्य कापता यावं म्हणून. मग खाली नदीवर दोन्ही काठांना गढ्या बांधून पाणी अडवलं, जहाजं तिथेच अडकली. तुझी गोष्ट तिथवर जाणारे का? आणि गेली तर एडिथ कुठल्या काठावर असेल?

निळी_शाई :
जाणारे. ती पश्चिम काठावर, बापाच्या शेतात, हातात विळा. थॉरस्टेन जहाजांवर नाहीये, पण त्याचा धाकटा भाऊ आहे, तोच, जो वर्षभर तिच्या बापाच्या चुलीशी बसून जेवला होता. एवढंच ठरलंय. दहावं प्रकरण रविवारी रात्री टाकते.